नववी पायरी आणि दोन स्लॅब

मधल्या मजल्यावरून वर येणाऱ्या आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर जवळपास दोन वर्षं माझ्या ऑफिसच्या मीटिंगा झाल्या. टेबल, खुर्ची, दिवा सगळं वरच्या खोलीत. पण व्हिडिओ कॉल लागला की लॅपटॉप उचलून जिन्यात येऊन बसायचं. तिथे चित्र हलत राहायचं. आणखी दोन पायऱ्या वर सरकलं की आवाज तुटायचा आणि पलीकडचे लोक "ऐकू येत नाहीये" म्हणायला लागायचे.

घर तीन मजली. तळमजल्यावर आई-बाबा, मधे दादा-वहिनी आणि पुतणी, वर मी. फायबरची तार पुढच्या दारातून आत येते, त्यामुळे इंटरनेट कंपनीनं बसवलेली पेटी तळमजल्यावर दाराशेजारीच. आई-बाबांना कधी अडचण आली नाही. मधे दादाच्या खोलीत ठीक, पुतणीच्या खोलीत रडतखडत. माझ्याकडे फोनवर दोन कांड्या दिसायच्या आणि पान मात्र उघडायचं नाही.

"चांगला राउटर घे, एवढंच," असं जो तो म्हणाला, आणि मलाही तेच पटलं. खर्च दादा आणि मी मिळून करणार होतो. स्वस्त गटाच्या बाहेर जायचं नाही हे आधीच ठरलेलं. त्या गटात मी उंच चार अँटेनांचा एक राउटर निवडला. खोक्यावर लांब पल्ल्याचा दावा होता आणि मोठ्या अक्षरांत १२०० हा आकडा. कंपनीच्या पेटीला जोडून तो तिच्याच शेजारी ठेवला. संध्याकाळपर्यंत कळलं की तळमजल्यावर, जिथे आधीही काही कमी नव्हतं, तिथे आता फारच उत्तम चालतंय; मधल्या मजल्यावर थोडा फरक; आणि मी पुन्हा नवव्या पायरीवर.

इथे मी थांबले. आणखी काही विकत घेण्याआधी घरात नक्की काय होतंय ते मोजायचं ठरवलं, आणि हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं असं मला आजही मनापासून वाटतं. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय मोजणारी मोफत ॲप्स मिळतात. ती कांड्यांऐवजी डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, आकडा दाखवतात. हा आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ३० म्हणजे राउटरला जवळजवळ चिकटून उभं राहणं. व्हिडिओ कॉल नीट चालायचा तर उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा, असं सर्वसाधारणपणे धरतात. उणे ८० च्या खाली जोडणी नावापुरतीच उरते. आणि हे मोजमाप सरळ रेषेतलं नाही: १० ने खाली गेलं की ताकद एक-दशांश होते, २० ने गेलं की एक-शतांश. उणे ६० आणि उणे ८० ऐकायला जवळचे वाटतात, पण त्यांच्यात शंभर पटींचा फरक आहे.

वहीत तिन्ही मजल्यांचा आराखडा काढला आणि फोन घेऊन फिरले. पुतणी आकडे लिहून घेत होती. राउटर दोन पट्ट्यांवर, म्हणजे दोन वेगळ्या रेडिओ वारंवारितांवर बोलतो: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. राउटरच्या खोलीत उणे ३८. बरोबर त्याच्या डोक्यावरच्या खोलीत, म्हणजे एक स्लॅब ओलांडल्यावर, २.४ गिगाहर्ट्झवर उणे ५८ आणि ५ गिगाहर्ट्झवर उणे ६९. माझ्या खोलीत, दोन स्लॅबनंतर, २.४ वर उणे ७६. ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत मधूनच उणे ८८ वर चमकायचं आणि नाहीसं व्हायचं. नवव्या पायरीवर उणे ६६. आकडे शेजारीशेजारी लिहिल्यावर त्या पायरीचं गुपित उलगडलं. स्लॅब म्हणजे काँक्रीट आणि आत लोखंडी सळ्यांची जाळी. जिन्यापाशी मात्र स्लॅब उघडा असतो. सिग्नल माझ्यापर्यंत छतातून येतच नव्हता, तो जिन्यातून चढून येत होता.

५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, कारण तिथे रुंद चॅनेल (पट्ट्याचे भाग) मिळतात आणि गर्दी कमी असते. पण मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर त्याचा सिग्नल २.४ पेक्षा सुमारे ७ डीबीनं दुबळा पोचतो, आणि काँक्रीट तर त्याला जास्तच खातं. म्हणजे खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचा मोठा हिस्सा ज्या पट्ट्यातून येतो, तोच पट्टा मजले चढायला सगळ्यात कच्चा. तो आकडा वेगाचा, एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. त्या १२०० ची फोड अशी: २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, बेरीज ११६७, तिला गोल करून १२००. दोन्ही पट्टे मिळून एका फोनला हा वेग कधीच मिळत नाही. माझ्या खोलीत ८६७ चा हिस्सा पोचतच नव्हता, म्हणून वर राहणाऱ्या माणसासाठी तो ३०० चाच राउटर होता. आणि ३०० हाही कागदावरचा वेग. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागतं, तेही सिग्नल चांगला असेल तेव्हा.

मग अँटेनांकडे वळले. चार अँटेना म्हणजे चौपट ताकद असा माझा समज होता. या वर्गातल्या राउटरांत बहुधा दोन अँटेना २.४ च्या आणि दोन ५ च्या असतात. शिवाय उभ्या अँटेनाचा सिग्नल चेंडूसारखा चहूकडे पसरत नाही. फुगवलेली टायरची ट्यूब उभ्या काठीत अडकवून आडवी धरली तर जशी दिसेल, तसा तो अँटेनाच्या भोवती पसरतो. काठीच्या टोकाच्या दिशेला, म्हणजे थेट वर आणि थेट खाली, सगळ्यात कमी. अँटेना जितकी जास्त डीबीआयची (सिग्नल ठरावीक दिशेला एकवटण्याचं माप), तितकी ही ट्यूब चपटी होऊन लांबवर जाते. एकाच मजल्यावर पसरलेल्या लांबट घराला ते सोयीचं. आमच्यासारख्या उभ्या घरात मी नेमकी उलटी वस्तू आणली होती आणि चारही अँटेना छान सरळ उभ्या करून ठेवल्या होत्या.

त्या आडव्या करून पाहिल्या. कोणती अँटेना कोणत्या पट्ट्याची हे वर लिहिलेलं नव्हतं, म्हणून एकेक पाडायची, वर जाऊन आकडा बघायचा, परत खाली यायचं. दोन आडव्या आणि दोन उभ्या अशा एका रचनेत माझ्या खोलीत २.४ चा आकडा उणे ७६ वरून उणे ७१ वर आला. पाच डीबी म्हणजे ताकद तिपटीहून जास्त, आणि पैसा एकही खर्च नाही. ज्यांच्याकडे बाहेरच्या अँटेनांचा राउटर आहे त्यांनी बाकी काही करण्याआधी हे करून बघावं. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा आरशाशेजारी असेल तर आधी तो तिथून हलवावा. पाण्याची टाकी किंवा मासे ठेवलेली मोठी काचपेटी वाटेत असली तरी सिग्नल पडतो, कारण पाणी या लहरी शोषून घेतं.

तरीही कॉल तुटायचा, आणि त्याचं कारण समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. फोनवरचा आकडा राउटरचं बोलणं मला किती ऐकू येतंय ते सांगतो. माझ्या फोनचं बोलणं राउटरला किती ऐकू जातंय, ते त्यात नसतं. फोनची बॅटरी छोटी, अँटेना अंगातच दडलेल्या, त्यामुळे तो राउटरपेक्षा हळू आवाजात बोलतो. राउटर कितीही दणदणीत आवाजाचा आणला तरी फोनचा आवाज वाढत नाही. म्हणूनच मला समोरची माणसं दिसायची आणि त्यांना मी गोठलेली दिसायचे. लांब पल्ल्याच्या दाव्याचं काय करायचं ते यातून माझ्यापुरतं ठरलं. मोठ्यानं ओरडणारं यंत्र नको होतं, माझ्या जवळ बसून ऐकणारं हवं होतं.

जवळ आणायचं कसं, हा खरा प्रश्न. मैत्रिणीचा रिपीटर, म्हणजे वाय-फाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, आठवडाभर मागून आणला आणि मधल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लावला. कांड्या भरल्या, वेग मात्र पडला. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि त्याला स्वतःला मिळणारा सिग्नलच एका स्लॅबमधून गाळून आलेला. त्यानंतर मेशच्या, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणाऱ्या डब्यांच्या, जोड्या पाहिल्या. कल्पना सुंदर आहे: घरभर एकच नाव आणि मजल्यागणिक एक डबा. पण त्यातले डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर स्लॅब तिथेही तोच. डब्यांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी वेगळा तिसरा पट्टा देणारे संच आमच्या बजेटच्या कितीतरी वर होते. ज्यांना घरात वायर टाकणं शक्यच नाही, त्यांनी मेश जरूर घ्यावा. फक्त डबा जिथे सिग्नल मरतो तिथे ठेवू नये, तो अजून चांगला आहे अशा अलीकडच्या जागी ठेवावा.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. लॅपटॉप नव्या राउटरला वायरीनं जोडून वेग मोजला तर ९४. पुन्हा मोजला, ९४. थेट कंपनीच्या पेटीला जोडला तर पूर्ण २००. राउटरची माहितीपत्रिका शोधून वाचली तेव्हा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत वायरीच्या पोर्टांचा वेग १०/१०० असा दिलेला. म्हणजे हवेत १२०० चा दावा करणाऱ्या यंत्राच्या आत इंटरनेट येण्याचं दारच १०० चं, आणि त्यातून प्रत्यक्षात निघतात सुमारे ९४. हे खोक्याच्या दर्शनी बाजूवर लिहायला हवं होतं. मला त्याचा खरोखर राग आला, कारण स्वस्त यंत्र घेणारा माणूस पैसे मोजून घेतो आणि त्यालाच हे शेवटच्या पानावर शोधावं लागतं.

वायर टाकायचं ठरलं ते बाबांमुळे. आम्ही मेशवर बोलत होतो तेव्हा ते म्हणाले, "अगं, जुन्या टीव्हीच्या केबलचा पाइप आहे ना भिंतीत? गच्चीपासून खालपर्यंत." होता. विजेच्या वायरींच्या पाइपापासून वेगळा, आत कित्येक वर्षं बंद पडलेली केबल. वायरमनना बोलावलं. मी ती केबल उपसायला निघाले तर त्यांनी अडवलं, "ताई, ती काढू नका. तिच्याच टोकाला नवी बांधू आणि खालून ओढू." अर्ध्या तासात जुनी केबल बाहेर आणि तिच्यामागून कॅट ६ च्या (नेटवर्कच्या वायरीचा एक प्रकार) तीन वायरी आत: एक तळमजल्यावरून मधल्या मजल्यावर, दोन थेट माझ्या खोलीपर्यंत. सर्वांत लांब वायर अठरा मीटरची. अशा वायरीची मर्यादा १०० मीटर असते, त्यामुळे काळजी नव्हती. वायर घेताना आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना ते मात्र पाहिलं. स्वस्तातल्या काही वायरींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. पात्यानं खरवडलं की आतून पांढरी दिसते. ती ठिसूळही असते आणि लांब अंतरावर दगा देते.

माझ्या खोलीतल्या वायरीला लॅपटॉप जोडला तर वेग पुन्हा शंभरचाच दिसला, आणि या वेळी मधे राउटरही नव्हता. दोष टोकाच्या पिनेत होता. वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात. हजारला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी नीट टेकली नाही तरी दोन्हीकडची यंत्रं गुपचूप शंभरवर उतरतात आणि नेट चालू असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. वायरमननी पीन कापून नवी बसवली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम मी शेजारी उभी राहून ताडून पाहिला. मग हजार दिसले.

आता कुठे मी राउटर निवडायला बसले, आणि निवड एकदम सोपी झाली होती. प्रत्येक मजल्यावर वायर पोचली म्हणजे यंत्रानं एकच मजला सांभाळायचा. माझ्या पहिल्या, चुकलेल्या खरेदीलाही जागा मिळाली: तो राउटर वर माझ्या खोलीत. मला एकटीला ९४ एमबीपीएस भरपूर होतात. मधल्या मजल्यासाठी, जिथे तिघं जण आणि टीव्ही, एक नवा घ्यायचा होता.

त्याच्या अँटेना मोजल्या नाहीत. आधी पाहिलं, सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचे, आहेत का. नंतर त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी, चालवता येतं का. यासाठी विकत घेण्याआधीच कंपनीच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवून घेऊन ते पान शोधलं. तिथेच सॉफ्टवेअरची शेवटची सुधारणा कधी आली ती तारीखही पाहिली, कारण राउटर हे घराचं दार आहे आणि ज्याची डागडुजी बंद झाली ते दार मला नको होतं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या हार्डवेअर आवृत्त्या असतात आणि आतली चिपसुद्धा बदललेली असते, म्हणून खोक्यावरची आवृत्ती संकेतस्थळावरच्या आवृत्तीशी जुळवून घेतली. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर त्यावर चालतं का तेही तपासलं. कंपनीनं उद्या हात वर केले तर यंत्र फेकावं लागू नये.

पिढीचा प्रश्न होता. वाय-फाय अलायन्सनं २०१८ साली साधे क्रमांक दिल्यापासून हे समजायला सोपं झालंय: ८०२.११एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. आमचे नवे फोन ६ चे, म्हणून ६ घ्यायचं ठरलं. स्वस्त गटात एएक्स १५००, १८०० आणि ताणून ३००० असे आकडे दिसतात. ३००० मध्ये ५ गिगाहर्ट्झचा हिस्सा २४०२, पण तो मिळायला १६० मेगाहर्ट्झचं रुंद चॅनेल लागतं आणि आमच्या एकाही फोनला ते येत नव्हतं. १८०० म्हणजे ५७४ आणि १२०१. १५०० म्हणजे ३०० आणि १२०१; त्यातला २.४ चा भाग बहुधा जुन्या वाय-फाय ४ चाच असतो. ज्यांना वायर टाकता येत नाही आणि वरच्या मजल्याला २.४ वरच भागवायचंय, त्यांनी १८०० घेणं योग्य. माझ्याकडे वायर होती, २.४ वर फक्त छोटीमोठी उपकरणं राहणार होती, म्हणून १५०० घेतला. पहिला राउटर, हा राउटर, वायर आणि मजुरी असं सगळं मिळूनही तीन पट्ट्यांच्या मेश संचापेक्षा खर्च बराच खाली राहिला.

जोडताना एक चूक झाली. दोन्ही राउटर मी नेहमीसारखे जोडले, राउटर म्हणूनच. नेट चाललं, पण बाबांच्या खोलीतला प्रिंटर दादाला दिसेना. प्रत्येक राउटर आपलं स्वतंत्र नेटवर्क बनवून पत्ते वाटत होता, आणि एकाच घरात तीन वेगळी घरं झाली होती. नव्याला मेनूमधून ॲक्सेस पॉइंट केलं. जुन्यात तो पर्याय नव्हता, म्हणून त्याचा पत्ता मुख्य पेटीशी भिडणार नाही असा बदलला, पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद केली आणि वायर वॅनमधून (इंटरनेट आत येण्याचा पोर्ट) काढून लॅन पोर्टात (घरातल्या यंत्रांसाठीचा) लावली. प्रिंटर सगळीकडे दिसू लागला.

तिन्ही ठिकाणी वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवला, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप जवळच्या यंत्राकडे जातो. २.४ वर तळमजल्याला चॅनेल १, मधे ६, वर ११. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवली. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणानं किंवा पिननं जोडायची सोय, तिन्हीकडे बंद. तरी एक तक्रार उरली: मी वर आले तरी माझा फोन मधल्या मजल्याच्या २.४ ला चिकटून राहायचा. सोडायचं कधी ते फोन ठरवतो. मधल्या राउटरची २.४ ची ताकद सेटिंगमधून मध्यमवर आणली आणि तो चिकटणं बंद झालं. ताकद कमी करून नेटवर्क सुधारतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पुतणीनं तीच वही काढली आणि आम्ही पुन्हा फिरलो. तिच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर उणे ५२, वेग १९० च्या वर. माझ्या टेबलावर उणे ४५, वेग ९२-९३, आणि कॉलमध्ये मी हलताना दिसते. मागच्या बाल्कनीत अजून उणे ७४ आहे. दादा तिथे बातम्या वाचतो, त्याला पुरतं, म्हणून ते तसंच ठेवलं.

माझ्या खोलीत पाइपातून आलेली दुसरी वायर मोकळीच आहे. तिला दोन्हीकडे पिना बसवून, हजारचा वेग येतो हे तपासून, टोकावर कागदी पट्टी चिकटवली: "तळमजला ते वर, तपासलेली," आणि खाली तारीख. पुतणीची खोली पुढच्या वर्षी वर हलणार आहे. तेव्हा जुना राउटर काढून तिथे गिगाबिटवाला दुसरा लावू.